पुढच्या दातांमधली फट बुजवल्यावर : आपले अनुभव

वरच्या पुढच्या दातांमधली फट बुजवून घेतल्यावर मनःस्थितीत, बोलण्यात आणि चारचौघांतल्या वावरात काय फरक पडला, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहावे. पश्चात्ताप झाला असल्यास तोही लिहावा. सुरुवात मीच करते.

माझी फट जेमतेम दोन मिलिमीटरची होती, पण शाळेपासूनच्या एकाही छायाचित्रात मी ओठ उघडून हसलेली नाही. दंतवैद्यांनी एकाच बैठकीत दोन्ही दातांच्या कडांना दाताच्या रंगाचे कंपोझिट (दात भरायला वापरतात ते द्रव्य) लावले. सगळी भर एकाच दातावर घातली असती, तर तो फावड्यासारखा दिसला असता. दुखले काहीच नाही, मात्र पुढचे काही दिवस ‘स’ म्हणताना जीभ अडखळत होती. नवल याचे वाटते की, फट गेली तरी हसू आले की उजवा हात तोंडावर जातच राहिला. ती सवय सुटायला वर्ष लागले, आणि सुटल्याचेही मला बहिणीने सांगितले तेव्हा कळले.

*

मी एकतिसाव्या वर्षी तारा लावून दीड वर्षात फट मिटवली. आनंद झालाच, पण त्यासोबत धास्तीही आली. रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचा साचा, आठवडाभर घालायचा राहिला, तर तो आवळून बसतो आणि जिभेला तिथे बारीकशी पोकळी लागते. अखेर दातांच्या मागच्या बाजूने पातळ तार चिकटवून घेतली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

*

माझी फट चाळिशीनंतर पडली आणि रुंदावत गेली. मी ती केवळ दिसण्याची बाब समजत होतो. तपासणीत मात्र हिरड्यांच्या आजाराने आधाराचे हाड झिजून दात सरकल्याचे निघाले. आधी हिरड्यांवर उपचार झाले, फटीचा विचार त्यानंतर. त्यामुळे मला समाधान आहे ते दात टिकल्याचे.

*

आठ वर्षांच्या मुलीला वर्गात चिडवतात म्हणून आम्ही घाईने दाखवायला नेले. या वयातली फट बहुधा सुळे येताना, अकरा-बाराव्या वर्षांच्या सुमारास, आपोआप मिटते, असे सांगून दंतवैद्यांनी आम्हाला परत पाठवले. चिडवणे थांबलेले नाही, पण तिच्यापाशी आता उत्तर आहे.

*

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. बावीस वर्षे जिला लपवत आले ती फट बुजवून घरी परतले, तर कोणाच्याच लक्षात आले नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून मीच विचारले, तेव्हा नवऱ्याने बराच वेळ निरखून विचारले, “केस कापलेस का?”