हसायला शिकवणाऱ्यांनी थकायचं कुठे?

कढईवाली (चंद्रपूर जिल्हा): हॉटेल मॅनेजमेंट शिकवते, तासिका तत्त्वावर. पाहुणा कितीही खेकसला तरी कपाळावर आठी नको, हा पोरांचा पहिला धडा. तोच आम्हालाही लागू. सकाळी एखाद्याचे वडील येतात, "म्याडम, पोट्ट्याले कपबशा धुवाले शिकवता काय जी?" त्यांना हसून समजवायचं. रात्री ताडोब्याजवळच्या रिसॉर्टमधून ट्रेनी पोरीचा फोन, "पाहुणा लय बोलला, मी घरी येतो." आधी तिला धीर द्यायचा, मग तिच्या आईला, मग तिथल्या मॅनेजरला. आर्ली हॉक्सचाइल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या अशाच कामाला भावनिक श्रम म्हटलं. आमच्या तासिकेत ते धरतच नाहीत. धरायला हवेत.

पऱ्हाटीवाला: राग नका मानू ताई. माझी माय कापूस वेचाले जाते, मालकाचं बोलणं गुमान ऐकून घेते. तिच्या श्रमाचा कोणी हिशेब ठेवला? तुम्ही तं पंख्याखाली शिकवता.

कढईवाली: मायच्या कष्टाशी बरोबरी नाहीच. पण तिचं मोजत नाहीत म्हणून माझंही मोजू नये, हे कुठलं गणित? आणि पंखा वर्गात आहे, किचनमध्ये नाही. मे महिन्यात प्रॅक्टिकल घेऊन बघा.

मोहर्ली गेट: मी रिसॉर्टमध्ये कॅप्टन आहे, म्हणजे वाढणाऱ्या पोरांचा प्रमुख. खरं सांगू? कॉलेजातून येणारं हसू नुसतं दातांचं असते, दोन पाळ्यांत गळून जाते. पाहुणा अंधारात उठून सफारीला गेला, हजारो रुपये मोजले अन् वाघ दिसला नाही, तं राग पोह्यांवर निघणारच. हे ज्या पोराला समजलं त्याच्या अंगाला बोलणं लागत नाही. ओढूनताणून हसणारा जास्त थकतो, संशोधनातही तेच दिसलंय. तासिका मोजण्यापेक्षा हे शिकवा, अन् स्वतःही शिका.

तासिकावाला: भौ, समजून घ्यायला मन ठिकाणावर लागते. उन्हाळ्यात तासिका नाही म्हणजे मानधन नाही, अन् सत्र सुरू झाल्यावरचंही महिनोन् महिने रखडते. आमच्याकडे ताणमुक्तीची कार्यशाळा झाली, डोळे मिटून श्वास मोजा म्हणाले. मी थकलेले महिने मोजत बसलो.

निवृत्त मास्तर: मानधनासाठी भांडाच. पण पोरांसमोर चेहरा पाडू नका, ती घरून काय सोसून येतात ते आपल्याला कळत नाही. फारच जड झालं तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कढईवाली: सर, चेहरा रोज सांभाळतो, तक्रार तीच तर आहे. तूर्तास आम्ही तिघींनी रात्रीच्या फोनची पाळी लावली. नऊनंतर एकीनंच उचलायचा.

मोहर्ली गेट: हे पटलं. डिनर आवरतं साडेदहाला, पोरी रडतात ते त्यानंतर. त्या वेळी फोन बंद नका ठेवू.

कढईवाली: बंद नाहीच. पण त्या पाळीची एक तासिका धरा, असा अर्ज दिलाय.

पऱ्हाटीवाला: द्या बाप्पा अर्ज. पहिले थकलेलं मानधन तं काढून घ्या.