ग्रेट डेनचं पोट फुगलं होतं. ‘लक्ष ठेवा’ म्हणजे नेमकं कशावर?

खारूताई:
आमची ढब्बू ग्रेट डेन आहे, वय तीन वर्षं. गेल्या आठवड्यात रात्री जेवल्यावर तिचं पोट टम्म फुगलं. माझी तंतरली, पण तिने दोन मोठ्ठे ढेकर दिले, बाहेर फेरी मारून आली आणि घोरत पडली. सकाळी ठणठणीत. नंतर लसीच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, “या जातीत जठराला पीळ पडतो, लक्ष ठेवा.” दवाखान्यात गर्दी होती, पुढचं विचारायचं राहून गेलं. आता रोज जेवण झालं की मी तिच्या पोटाकडे टक लावून बसते आणि ती माझ्याकडे. कशावर लक्ष ठेवायचं? आणि जेवणाचं भांडं उंचावर ठेवावं की नाही? दोन्ही सल्ले मिळालेत.

जुना_पट्टा:
पोटाकडे बघत बसू नका, निदान नुसतं पोटाकडे तरी नको. मी तीच चूक केली होती.

आमचा सुभेदार जर्मन शेफर्ड, तेव्हा आठ वर्षांचा. साडेआठला जेवला. दहाच्या सुमारास येरझाऱ्या सुरू झाल्या. बसायचा, लगेच उठायचा, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायचा. मग उमासे यायला लागले. अख्खं अंग आवळून जोर लावायचा आणि बाहेर काय, तर चमचाभर पांढरा फेस. तोंडातून लाळेच्या तारा. मी पोट चाचपलं, फार फुगलेलं वाटलं नाही. घरात कुत्री वाढवून तीस वर्षं झालेली, त्यामुळे मी जाणकार! गॅस झालाय म्हणून थेंब पाजले आणि पोट चोळत बसलो. तासभर.

बायकोने त्याचा ओठ वर करून बघितला. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. तेव्हा कुठे मी फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, “ओकतोय, की नुसतं ओकायला बघतोय?” ओकायला बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, “तसेच निघा, मी टेबल तयार ठेवते.”

उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढला. जठर स्वतःभोवती फिरलं होतं. असं झालं की वरचं तोंडही बंद, खालचंही. ढेकर येत नाही, उलटी होत नाही, हवा मात्र साठतच जाते. फुगलेलं जठर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबतं, हृदयाकडे रक्त परत जाईना होतं आणि कुत्रं शॉकमध्ये जातं. माझे थेंब तिथे काय करणार होते! आणि शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यात फुगलेलं जठर बरंचसं बरगड्यांखाली दडतं, म्हणून मला पोट बरं वाटलं.

सलाइन लावलं, बाहेरून जाड सुई टोचून हवा काढली, मग ऑपरेशन. पानथरीही काढावी लागली, पिळात तिच्या रक्तवाहिन्या फाटल्या होत्या. पुढचे तीन दिवस हृदयाचे ठोके मशीनवर, कारण ऑपरेशननंतरही ते बिघडतात. वाचला. अकरा वर्षांचा होऊन गेला, दुसऱ्याच आजाराने.

ढब्बूने ढेकर दिले, म्हणजे त्या रात्री वाट मोकळी होती. उमासे आले आणि काही पडलं नाही, तर मात्र घड्याळ बघू नका, निघा.

भांड्याचं म्हणाल, तर मीही हौसेने उंच स्टँड आणला होता. त्यावर आता कुंडी आहे.

पशुवैद्य_रात्रपाळी:
वरच्या पोस्टमध्ये महत्त्वाचं सगळं आलंय, थोडी भर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० साली छापलेल्या अभ्यासात, उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या जातींत धोका जास्त दिसला. यावर सगळ्यांचं एकमत नाही, पण उंच भांड्याने धोका टळतो असाही पुरावा नाही. मानेचं किंवा सांध्यांचं दुखणं नसेल तर भांडं जमिनीवरच ठेवा. दिवसाचं खाणं एकदम न देता दोन-तीनदा द्या. बकाबका खात असेल तर आत उंचवटे असलेलं भांडं आणा. दुसरं कुत्रं शेजारी असलं की चढाओढीने खातात, तर वेगळं जेवू द्या. जेवणानंतर लगेच दौड नको. यातल्या कशाचीच हमी नाही. तिच्या आई-बापाला किंवा भावंडांना हे झालं होतं का, ते ज्यांच्याकडून आणली त्यांना जरूर विचारा. रक्ताच्या नात्यात असेल तर धोका वाढतो.

खरी राखण गॅस्ट्रोपेक्सीची. जठर उजवीकडे पोटाच्या आतल्या भिंतीला शिवतात. नसबंदी व्हायची असेल तर त्याच भुलीत होतं. त्यानंतरही पोट फुगू शकतं, पण पीळ सहसा पडत नाही. एकदा पीळ पडलेल्या कुत्र्याचं जठर नुसतं सरळ करून सोडलं तर निम्म्याहून अधिक कुत्र्यांत पुन्हा पडतो, म्हणून सुभेदारचंही शिवलंच असणार.

जुना_पट्टा:
शिवलं होतं. घाईत लिहायचं राहिलं.

खारूताई:
नसबंदी व्हायचीच आहे, विचारते. पण आत्ता ओठ वर करून बघितला तर ढब्बूच्या हिरड्या जवळजवळ काळ्या! पांढऱ्या पडल्या तर मला कळणार कसं?

पशुवैद्य_रात्रपाळी:
काळ्या डागांमध्ये एखादा गुलाबी तुकडा असतो, तो शोधून ठेवा. बोटाने दाबून सोडला की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. तुकडा नसलाच, तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. आज ती धडधाकट असतानाच बघून घ्या, म्हणजे तिचा नेहमीचा गुलाबी रंग कसा ते लक्षात राहील.

खारूताई:
पापणी गुलाबी आहे. माझं तोंड चाटून झालं. रात्री उघडा असणारा दवाखाना शोधून नंबर फ्रिजवर लावलाय. शेवटचा प्रश्न: साठ किलोची ही बया पडली तर गाडीत घालायची कशी?

जुना_पट्टा:
जाड चादर आणि दोन माणसं. चादर आजच गाडीत टाका. शेजाऱ्यांनाही आजच सांगून ठेवा, रात्री अकराला दार वाजवताना कसंसंच होतं.