एका खोलीत रेडिएटर तापतो, दुसऱ्या खोलीत गारच : तुमचे अनुभव

शेवंती
काल इथे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली आणि शेजारी नवीन आलेल्या नाशिकच्या मुलीचा फोन आला. "ताई, खाली हॉलमध्ये घाम येतोय आणि वर बाळाच्या खोलीतला रेडिएटर गारढोण." मला आमचा लीड्समधला पहिला हिवाळा आठवला. लेकीला मध्यरात्री दुपट्यात गुंडाळून खाली आणायचो. पाणी तापवून रेडिएटरांत पाठवणारा बॉयलरच बदला, असं सांगणारेही भेटले. मग गल्लीतले एक निवृत्त प्लंबर आजोबा आले आणि त्यांनी रेडिएटरवरून नुसता हात फिरवला. खाली गरम, वर गार, म्हणजे आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून निवू दिलं, कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने जरासा सैल केला, सूंऽऽ करत हवा गेली. पाण्याची धार लागताच स्क्रू बंद. फडक्यावर काळे डाग पडले ते कधी गेलेच नाहीत. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, आधी हात फिरवा, मग खर्चाचं बघा. तुमच्याकडे काय निघालं? थंडी तोंडावर आलीये, नव्या लोकांसाठी लिहाच.

आबोली
बाळाला घेऊन रात्रभर खाली बसणं, किती हाल गं. वाचूनच पोटात कालवलं.

रानवारा
हवा काढल्यावर बॉयलरवर पाण्याचं प्रेशर बघायला विसरू नका!! कॉम्बी बॉयलर (वेगळी टाकी नसलेला) असेल तर गार असताना काटा साधारण 1 ते 1.5 बारमध्ये हवा. खाली गेला की वरच्या मजल्यावर पाणी नीट पोचत नाही. फिलिंग लूपने, म्हणजे पाणी भरायच्या नळीने, भरा आणि दोन्ही नळ घट्ट बंद करा. सारखंच भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय.

म्युनिकची_माई
आमच्याकडे वर-खाली काही नाही, अख्खा रेडिएटर गार. रेडिएटरच्या टोकाला आकडे असलेला थर्मोस्टॅट असतो, त्याचं डोकं फिरवून काढलं तर आतली पिन उन्हाळाभर दबून अडकलेली. पकडीच्या बोथट बाजूने हळूहळू आत दाबत राहिले, सुटली. ओढायची मात्र अजिबात नाही. आता उन्हाळ्यात सगळे पूर्ण उघडे ठेवते. आणि 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही हो, 3 म्हणजे साधारण 20 अंश, तेवढं पुरतं. सासूबाई आल्या की रोज हाच विषय.

आबोली
माई, तुमच्या सासूबाई अजून तिथेच आहेत? गुडघा कसा आहे?

म्युनिकची_माई
बरा आहे. जिना चढतात आता. व्यक्तिगत निरोप पाठवते.

बॉस्टनकर
आमच्याकडे रेडिएटरऐवजी भिंतीच्या कडेने जमिनीलगत बेसबोर्ड हीटर, म्हणजे पत्रे लावलेला गरम पाण्याचा पाइप. एकच पाइप सगळ्या खोल्यांतून फिरतो, शेवटच्या खोलीपर्यंत पाणी निवलेलं. पहिल्या खोल्यांतल्या बेसबोर्डवरच्या हवेच्या झडपा (पाण्याच्या नव्हे) अर्ध्या लावल्या, पत्र्यांमधली धूळ व्हॅक्यूमने काढली. पुष्कळ फरक पडला.

कुंदकळी
इडलीचं पीठ रेडिएटरशेजारी ठेवणारी मी एकटीच का? छान फुगतं.

शेवंती
छे गं, आमच्याकडे दहीसुद्धा तिथेच लागतं 😀

रानवारा
कपडे वाळत घालताना थर्मोस्टॅटवर टाकू नका, सोफाही चिकटवू नका. त्याला वाटतं खोली तापली, आणि तो पाणी बंद करतो.

सह्यकडा
खालून गार, वरून गरम असेल तर हवा काढून उपयोग नाही. तो गाळ. आतलं लोखंड गंजून काळा चिखल तळाशी बसतो. आमच्या जुन्या घरात रेडिएटर उतरवून अंगणात पाइपने धुतला, शाईसारखं पाणी कितीतरी वेळ येत होतं. नंतर चुंबकाचा फिल्टर बसवून घेतला, पाण्यात गंजरोधक टाकलं. रेडिएटर अतिशय जड असतो, एकट्याने उचलू नका.

पल्याड
मोबाइलवरून. आमचे बॉयलरजवळचे रेडिएटर चटके देतात, टोकाचे कोमट. हवा काढून झाली, पिनाही मोकळ्या.

सह्यकडा
@पल्याड बॅलन्सिंग करावं लागेल, म्हणजे सगळ्या रेडिएटरांना पाणी नीट वाटून द्यायचं. जवळचे रेडिएटर पाणी ओढून घेतात. ज्या टोकाला थर्मोस्टॅट नाही तिथल्या टोपीखाली व्हॉल्व असतो. जवळच्यांचे थोडे थोडे आवळा, लांबचे पूर्ण उघडे. एकेक बदल करून तासभर थांबा, घाई केली तर काहीच कळत नाही. मूळचे किती फेरे उघडे होते ते आधी लिहून ठेवा.

रानवारा
आणि बॉयलरचं झाकण स्वतः उघडू नका. यूकेत असाल तर गॅस सेफ रजिस्टरवरचाच (गॅसचं काम करायला अधिकृत असलेल्यांच्या यादीतला) माणूस बोलवा.

पल्याड
भाड्याचं घर आहे. टोपीखालचं फिरवलेलं मालकाला चालेल का?

म्युनिकची_माई
आधी मेसेज टाकून विचारा, गार रेडिएटरच्या फोटोसकट. लेखी असलेलं बरं.