९६ तासांत मासे जगले म्हणजे झालं?
चाचणीत ९६ तास झेब्राफिश (प्रयोगशाळेत वापरतात तो छोटा मासा) जगले, म्हणजे रसायन निर्धोक, असं काहीजण म्हणतात. इतकं सरळ नसतं हो. टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनमुळे त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं आणि पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात उतरतं. अमेरिकेत सिएटलच्या आसपास अंडी घालायला परतलेले कोहो जातीचे सॅमन मासे पाऊस पडला की तोंड वासून, गोल गोल फिरत मरायचे. यामागे हे क्विनोन आहे, हे उघड झालं थेट २०२० मध्ये! त्याच्या लिटरला एक मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेत निम्मे कोहो दगावतात. त्यांचेच भाऊबंद चम सॅमन मात्र टिकतात. झेब्राफिशही. म्हणून एलसी५० चा, म्हणजे निम्मे मासे मरतात त्या मात्रेचा, आकडा वाचताना मासा कोणता आणि तपासलं ते मूळ रसायन की त्यापासून बनलेलं, हे आधी बघा.