बॅरल तेच, ग्लुटामेट तेच, मग एक एन्झाइम सेल्युलोज तोडतं आणि दुसरं मॅनन, हे कसं?

पेशीभित्तिका:
जीएच५ (जीएच म्हणजे ग्लायकोसाइड हायड्रोलेज, साखरेच्या साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमांची क्रमांक दिलेली कुटुंबं) मधल्या बॅक्टेरियल एन्झाइमांची स्ट्रक्चर्स एकमेकांवर ठेवून बघतेय. सगळीकडे तेच टिम बॅरल (प्रोटीनची पिंपासारखी घडी), बंध तोडणारी तीच दोन ग्लुटामेट अमिनो अॅसिडं. तरी एक सेल्युलेज (ग्लुकोजची साखळी, सेल्युलोज तोडणारं), दुसरं मॅननेज (मॅनोजची साखळी, मॅनन तोडणारं), तिसरं झायलोग्लुकनवर चालणारं. हत्यार सारखंच आहे तर कोणाला काय चालतं हे नेमकं ठरतं कुठे? आणि नुसता सिक्वेन्स (अमिनो अॅसिडांचा क्रम) बघून सांगता येईल का?

वाकडालूप:
ग्लुटामेटकडे बघत बसू नका, त्यांच्या आजूबाजूला बघा. बॅरल हा सांगाडा आहे, खरा फरक बॅरलच्या तोंडावरच्या लूप्समध्ये असतो, कारण साखर बसायची खाच त्यांनीच बनते. या खाचेतल्या जागांना सबसाइट म्हणतात, बंध तुटतो तो −१ आणि +१ च्या मध्ये (हे नंबर १९९७ पासून रूढ आहेत). ग्लुकोज आणि मॅनोजमध्ये फरक फक्त दुसऱ्या कार्बनवरच्या ओएचच्या दिशेचा, त्यामुळे −१ किंवा −२ ला एखादं अमिनो अॅसिड जरा पुढेमागे झालं तरी एक साखर नीट बसते आणि दुसरी अडते. झायलोग्लुकनची गोष्ट वेगळी, तिथे ग्लुकोजच्या साखळीला जागोजागी झायलोज लटकलेले असतात म्हणून खाच रुंद आणि उघडी लागते. बॅक्टेरॉइड्स ओव्हॅटसचं जीएच५ एन्झाइम काढून बघा, तिथे ही रुंदी डोळ्यांना दिसते.

आणि लूप लांब होऊन खाचेवर छप्परासारखे आले की बोगदा होतो. थर्मोबिफिडा फुस्काची दोन जीएच६ एन्झाइमं शेजारी ठेवा, सेल६एची खाच उघडी म्हणून ते साखळीला मधेच कुठेही चावतं, सेल६बीचा बोगदा आहे म्हणून ते टोकाकडून तोडत जातं.

पेशीभित्तिका:
हे छान कळलं, थँक्यू! म्हणजे बाजूच्या फांद्या ही कायम अडचणच असते का?

झायलनवाला:
नाही, आणि मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. झायलन म्हणजे झायलोजची साखळी, आणि ती तोडणारं जीएच११ झायलनेज छोटं, साधारण २० किलोडाल्टनचं, खाच खोल आणि अरुंद, त्यामुळे फांद्या जास्त असल्या की ते अडकतं. जीएच१० ची खाच उथळ, ते फांदीच्या बरंच जवळ जाऊन तोडू शकतं म्हणून त्याचे तुकडेही जास्त लहान निघतात. इथपर्यंत फांदी म्हणजे अडथळा. पण जीएच३० मधलं बॅसिलस सटिलिसचं झायलनेज बघा, त्याला −२ वरच्या झायलोजला मिथाइल ग्लुकुरॉनिक अॅसिड लागलेलं *हवंच* असतं! खाचेतला एक आर्जिनिन त्या अॅसिडचा निगेटिव्ह चार्ज पकडतो, ती पकड नसेल तर काम जवळपास होतच नाही. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमचं एक जीएच५ अॅरबिनोजच्या बाबतीत असंच आहे, त्याला −१ वर अॅरबिनोज लागतो आणि त्यासाठी तिथे वेगळा कप्पाच आहे.

वाकडालूप:
सहमत.

सिक्वेन्सचं राहिलंच की. कुटुंबावरून सांगू नका, जीएच५ ची २०१२ मध्येच ५१ उपकुटुंबं केली होती, उपकुटुंब कळलं तर अंदाज बराच जवळ जातो पण काही उपकुटुंबांत एकाहून जास्त कामांची एन्झाइमं आहेत. सबसाइटमधली ट्रिप्टोफॅन (चपटी कडी असलेलं अमिनो अॅसिड) मोजा, साखरेची चपटी बाजू त्यांच्यावर टेकते.

झायलनवाला:
आणि कॅटॅलिटिक डोमेनला (बंध तोडणाऱ्या भागाला) सीबीएम, म्हणजे साखरेच्या साखळीला चिकटणारा वेगळा भाग, जोडलेलं आहे का तेही तपासा. चपट्या पृष्ठभागाचं सीबीएम स्फटिकासारख्या सेल्युलोजवर चिकटतं, खाचेचं असेल तर सुट्या साखळीला धरतं. बंध कुठला तुटेल ते खाचच ठरवते, पण एन्झाइम पेशीभित्तीच्या कुठल्या भागापाशी जाऊन बसेल ते सीबीएमवर बरंच अवलंबून असतं. अॅसे (एन्झाइमच्या कामाची चाचणी) मग सेल्युलोज, मॅनन, झायलन, झायलोग्लुकन सगळ्यांवर करा आणि के कॅट भागिले के एम (एन्झाइम त्या साखळीवर किती कार्यक्षम आहे त्याचं माप) शेजारीशेजारी मांडा. एकच सबस्ट्रेट टेस्ट करून एन्झाइमला नाव देऊ नका, दोन-दोन पॉलिमरवर चालणारी जीएच५ बरीच आहेत.

पेशीभित्तिका:
−२ ची जागा आत्ताच उघडून बघितली, माझ्या एकात तिथे आर्जिनिन नाही पण लायसिन आहे, म्हणजे पॉझिटिव्ह चार्ज आहेच. ग्लुकुरॉनोझायलन (ग्लुकुरॉनिक अॅसिडच्या फांद्या असलेलं झायलन) पण यादीत टाकते.