लिबरल डेमोक्रॅट पक्षाची मते घटली, तरी जागा ११ वरून ७२ कशा झाल्या?

प्रश्न

ब्रिटनमधील लिबरल डेमोक्रॅट या मध्यममार्गी पक्षाला २०१९ मध्ये सुमारे ३७ लाख मते आणि ११ जागा मिळाल्या होत्या. २०२४ मध्ये मते सुमारे ३५ लाखांवर आली, जागा मात्र ७२ झाल्या. याउलट १९८३ मध्ये लिबरल पक्ष आणि मजूर पक्षातून फुटून निघालेला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष यांच्या आघाडीने २५.४ टक्के मते मिळवली, तरी तिच्या वाट्याला केवळ २३ जागा आल्या. हा सगळा निवडणूक पद्धतीचा परिणाम मानावा, की पक्षाच्या मेहनतीलाही काही श्रेय आहे? दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ज्या लिबरल पक्षातर्फे अगदी मोजक्या मतांच्या फरकाने निवडून आले, त्याचाच हा वारस असल्याने मला या पक्षाविषयी आस्था आहे.

प्रतिसाद १

पद्धत आपल्या लोकसभेसारखीच आहे: मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. १९८३ मध्ये आघाडीची मते देशभर सारखी पसरली होती, त्यामुळे शेकडो ठिकाणी तिला दुसऱ्या क्रमांकावर थांबावे लागले. मजूर पक्षाने मात्र खाणी आणि कारखान्यांच्या पट्ट्यातील एकगठ्ठा मतांच्या बळावर २७.६ टक्क्यांत २०९ जागा जिंकल्या. हे ओळखून एड डेव्ही यांच्या नेतृत्वाखाली लिबरल डेमोक्रॅट पक्षाने आपली सारी ताकद निवडक मतदारसंघांत लावली. चेशम आणि ॲमरशॅम व नॉर्थ श्रॉपशर या हुजूर पक्षाच्या बालेकिल्ल्यांत २०२१ च्या पोटनिवडणुका जिंकल्यावर, येथे हुजूर पक्षाला हरवू शकतो तो हाच पक्ष, हे मजूर पक्षाच्या मतदारांनाही पटले आणि त्यांनी २०२४ मध्ये अशा अनेक ठिकाणी आपली मते त्याच्याकडे वळवली. नद्यांत सोडले जाणारे सांडपाणी, आरोग्यसेवेची दुरवस्था आणि घरातील आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांचे प्रश्न हे प्रचाराचे विषयही लोकांच्या रोजच्या जगण्यातले होते. मेहनतीचे श्रेय द्यायलाच हवे.

प्रतिसाद २

श्रेय द्यावे, पण हातचे राखून. मतदानच कमी झाल्यामुळे मतांची संख्या घटूनही पक्षाची टक्केवारी किंचित वाढून १२.२ झाली, म्हणजे जनाधार होता तेवढाच राहिला. खरी पडझड हुजूर पक्षाची झाली: तो ३६५ जागांवरून १२१ वर आला, आणि रिफॉर्म यूके या कडव्या उजव्या पक्षाने त्याची मते मोठ्या प्रमाणावर फोडली. लिबरल डेमोक्रॅटांनी नव्याने जिंकलेल्या बहुतेक जागा हुजूर पक्षाकडूनच घेतल्या आहेत. ही फूट उद्या सांधली गेली, तर त्यांतील किती टिकतील याची मला चिंता वाटते.

प्रतिसाद ३

चिंता रास्त आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. २०१० मध्ये २३ टक्के मते आणि ५७ जागा मिळवून हा पक्ष हुजूर पक्षाबरोबर सत्तेत गेला. विद्यापीठांची शुल्कवाढ रोखू, अशी लेखी ग्वाही त्याच्या उमेदवारांनी विद्यार्थ्यांना दिली होती. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावावर पक्ष उभा दुभंगला आणि २१ खासदारांनी विरोधात मत दिले. तेव्हाचे पक्षनेते निक क्लेग यांनी २०१२ मध्ये जाहीर माफी मागितली, तरी तरुणांचा गेलेला विश्वास परतला नाही. सत्तेतील सहभागाच्या बदल्यात मिळालेले मतदान पद्धतीच्या बदलाचे सार्वमतही मे २०११ मध्ये सुमारे ६८ टक्के विरोधी मतांनी फेटाळले गेले. २०१५ मध्ये पक्षाकडे ८ जागा उरल्या आणि नैऋत्य इंग्लंडमधील पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मतदारसंघ एकूण एक गेले. धाकट्या भागीदाराने सरकारच्या अप्रिय निर्णयांची जास्त किंमत मोजावी, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

मूळ प्रश्नासंबंधी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०२४ मध्ये ६५० पैकी ७२, म्हणजे सुमारे ११ टक्के जागा मिळाल्याने पक्षाची मते आणि जागा यांचा मेळ जवळपास बसला, १४.३ टक्के मते मिळवणाऱ्या रिफॉर्म यूकेला मात्र ५ जागांवर समाधान मानावे लागले. १९८३ चा अन्याय या वेळी दुसऱ्याच्या वाट्याला आला. तरीही लिबरल डेमोक्रॅटांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, जुनी मागणी सोडलेली नाही, आणि माझ्या मते पक्षाच्या सचोटीचा याहून चांगला पुरावा त्या ७२ जागांतही सापडणार नाही.