ढकलल्याशिवाय न फिरणारा जुना पंखा

प्रश्न (ठाणे): जुन्या सामानातून १२०० मिलिमीटरचा पंखा घेतला आहे. पात्यांवर काळा, चिकट थर असून हाताने ढकलल्याखेरीज तो फिरत नाही. काय करावे?

उत्तर (ऐरोली): थर बहुधा तेलकट वाफेचा असावा. पाती उतरवून कोमट साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसावीत. तारेची घासणी कृपया वापरू नये, कारण रंग खरवडला गेला की आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत लोखंडी पात्याला लगेच गंज धरतो. पाती वाकवू नका, नाहीतर पंखा डुलतो.

उत्तर (वाशी): मेन स्विच बंद करून पंखा हाताने फिरवून पाहा. खरखर न होता सहज फिरत असेल, तर कंडेन्सर (पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा विजेचा छोटा भाग) कमजोर झाला असण्याची शक्यता अधिक. जुन्यावर छापलेला आकडा, बहुतेकदा २.५ मायक्रोफॅरड, पाहून तसाच आणावा.

प्रश्नकर्ता: नवा बसवला. पंखा आपणहून फिरू लागला, मनापासून आभार.